सुतासारखा सरळ चर

६ फेब्रुवारी
काढला एकदाचा चर! विहिरीपासून वरच्या शेतापर्यंत, पाईप गाडायला पुरेसा खोल, छोट्या ट्रॅक्टरने — आणि ट्रॅक्टरवर मी! खाली उतरून मागे पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाले. सुतासारखा सरळ. नवऱ्याने दुकानातून फोन करून विचारलं, जमलं का? जमलं का म्हणे!

मग अण्णा आले. माझे सासरे. कुदळीने चर खोदण्यात त्यांची हयात गेली. ते स्वतः 'सरळ' म्हणाल्याशिवाय या घरात काहीही सरळ नसतं. टोकाशी उकिडवे बसले, नेहमीसारखा डावा डोळा मिटला आणि उजव्याने नेम धरून पाहिलं.
"मध्येच वाकलाय."
मी म्हटलं, तिथे मुरूम लागला होता, असेल जरासा.
"नाचता येईना, अंगण वाकडं." आणि गेले चहा प्यायला.

७ फेब्रुवारी
चराची रेघ धरायला ठोकलेल्या खुंट्या मीच उपटल्या. अण्णा सांगतील तशा परत ठोकल्या. "थोडी इकडे. अजून. हां." कालचा अर्धा चर बुजवून नवा खोदला. बुजवताना जिवावर आलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचंच होतं मला.

अण्णांनी डोळा मिटून पाहिलं. "हा सरळ."

म्हणाले एकदाचे! पण मला तो वाकडा दिसतोय. ट्रॅक्टरवर उभी राहून पाहिलं, तरी वाकडाच.

८ फेब्रुवारी
पाईपवाला आला. चर बघून डोक्याला हात लावला. "वहिनी, कुणी काढला हा? साप गेल्यासारखा दिसतोय. माझा पाईप नाही वळायचा असा."
अण्णा शेजारीच उभे होते. मी म्हटलं, मीच.
अण्णांनी निदान एक शब्द तरी बोलायचा! संध्याकाळी भांडी जरा जोरातच आपटली मी.

९ फेब्रुवारी
आज ठरवलं — आपण बोलायचंच नाही, दोरीला बोलू द्यायचं. खालपासून वरपर्यंत नायलॉनची दोरी बांधली, अगदी ताणून. म्हटलं, अण्णा, आता बघा.
बसले. डावा डोळा मिटला.
"दोरी ढिली आहे. मध्ये वाकलीय."
मी बोटाने दोरी छेडली. टण्णकन वाजली. ताणलेली दोरी वाकेल कशी? माझा राग कुठल्या कुठे गेला.
म्हटलं, अण्णा, आता दुसऱ्या डोळ्याने बघता का?
त्यांनी उजवा मिटला, डाव्याने पाहिलं. मग परत उजव्याने. परत डाव्याने. उठले आणि घरी गेले. मी मागोमाग गेले, तर दाराची चौकट बघत उभे होते. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने.
"दोन्ही उघडे असले की कळत नाही गं," एवढंच म्हणाले.

११ फेब्रुवारी
तिसऱ्यांदा चर! दोरीवरून, पहिल्या जागी. पाईपवाला म्हणाला, "वहिनी, हा आधीच काढायचा की." मी नुसती हसले. पाईप बसला, जोड आवळले, बुजवायच्या आधी पाणी सोडून पाहिलं. कुठे थेंब गळला नाही, आणि वरच्या शेतात पाणी भसाभस पडलं. माझ्या चरातून! नवऱ्याला फोनवर पाण्याचा आवाज ऐकवला.
अण्णा आले नाहीत बघायला.

१३ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांनी रेघारेघांचा चौकोन पुढे धरला. अण्णांनी सवयीने डावा डोळा मिटला. "मधल्या रेघा वाकल्यात," म्हणाले. डॉक्टर म्हणाल्या, पडद्याला सूज आहे, इंजेक्शनं लगेच सुरू करू, पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही.
जिना उतरताना अण्णांनी माझा हात धरला. "म्हणजे तुझा पहिला चर सरळच होता."
हेच ऐकायला आठवडाभर तडफडले मी. आणि आज वाटलं, तो खरंच वाकडा असता तर किती बरं झालं असतं.