लाईट गेल्याची रेघ

मंगळवार, संध्याकाळ

अन्वरचाचा चक्क हो म्हणाले, आणि आता मलाच भीती वाटतेय.

लाईट जाते, कापड विणणारा लूम मध्येच थांबतो. पुन्हा चालू झाला की कापडावर तिथे एक आडवी रेघ राहते. सगळे तिला डाग म्हणतात. मला तशाच रेघांची ओढणी विणून हवीय. म्हणजे... अख्ख्या गल्लीतल्या लूमचा खडखडाट एकदम बंद पडतो आणि आपलाच श्वास ऐकू येतो ना, ते. ते कापडावर. बघ, इथे डायरीतही धड लिहिता येत नाही.

महिनाभर सांगतेय. बाबा म्हणतात, "अगं, ह्यो डाग हाय, डिझाईन न्हाय. आपल्याच कारखान्यात मुद्दाम डागी माल काढायचा?" आमचे लूम वर्षानुवर्षं चालवणारे चाचा तेवढं विचारायचे, "बेटा, कितने इंच पे?" आता इंच कुठून सांगू?

आज सांगता सांगताच लाईट गेली. सगळं शांत. मी नुसता हात वर केला. चाचाही कान देऊन उभे. लाईट आल्यावर त्यांनी लूम चालू केला आणि उमटलेल्या रेघेवरून हळूच बोट फिरवलं. "ये चाहिए ना? कल सुबह स्विच तेरे हाथ में."

बाबासुद्धा म्हणाले, "कापडाचा एक तागा गेला तर गेला."

मग घाबरतेय कशाला? आजवर 'यांना कळतच नाही' म्हणून रडायची सोय होती. उद्या ती रेघ माझ्या हातून पडणार.

आणि कापड समोर पसरल्यावर मलाच त्यात नुसता डाग दिसला तर?