उजवी वायर, तेरा हात

सोम. ६ ऑक्टो. २००३
रंगारी गेले. हॉल पांढरा झाला, पण स्पीकरच्या दोन्ही वायरी कापून कचऱ्यात. विचारलं तर म्हणे, "मावशी, जुन्याच होत्या." जुन्या! ह्यांनी लावलेल्या होत्या. ह्यांना जाऊन दीड वर्ष.
संदीपला पुण्याला फोन केला. "रविवारी येतो, नवा छोटा सेट आणतो. ते धूड काढून टाकू, आई." मुलगा माझाच, पण... रविवारच्या आत दोन्ही बाजू वाजल्या पाहिजेत.

मंगळ. ७
अँप्लिफायरच्या मागे ह्यांची चिठ्ठी चिकटवलेली. "डावी ७ हात. उजवी १३ हात, दारावरून. जोड नको." उजवा स्पीकर स्वयंपाकघराशी, पोळ्या लाटताना मला ऐकू यावा म्हणून. सुतळीवर हात मोजले, गाठी मारल्या, आचोळे गावातल्या वायरच्या दुकानात नेली.
दुकानदार: "मावशी, दोनी सेम लेंथ घ्या. नायतर आवाज मागे-पुढे येनार." म्हटलं, सुतळीप्रमाणे कापा.

बुध. ८
डावी ओढूनताणून पोचली. उजवी दारावरच संपली. स्पीकर अजून दोन फूट लांब. तीनदा स्टुलावर चढले. एकच बाजू वाजते. तबला कानाशी, गाणारी बाई शेजारच्या बिल्डिंगमध्ये.
दुकानदार म्हणे, कापलेली परत नाही. "जोड मारून टेप गुंडाळा ना." चिठ्ठीत काय आहे ते त्याला कशाला सांगू.

गुरु. ९
वाचनालयातून विजेचं पुस्तक. सातवी पास मी, दोनदा वाचल्यावर उमगलं. लांबीत खोलीभराचा फरक असला तरी कानाला कळत नाही. वायर जितकी लांब, तितकी जाड हवी, एवढंच. म्हणजे दुकानदार चुकला. मग मी कुठे चुकले?
दुपारी लाइट गेली. बसल्या बसल्या लक्षात आलं. मोजला माझा हात. चिठ्ठीतला हात ह्यांचा.

शुक्र. १०
टेपने भिंत मोजली की काम झालं, इतकं मलाही कळतं. तरी कपाटातून ह्यांचा फुल शर्ट काढला. कोपरापासून कफपर्यंत साडेदहा इंच. पुढे पंजा. तीस वर्षं त्या हातापुढे ताट वाढलं, आणि बोटं कुठवर यायची ते सांगता येत नाही. स्वतःचाच राग आला. शर्ट घडी न घालता कोंबला.

रवि. १२
संदीप आला. नव्या सेटचा बॉक्स दारातच ठेवायला लावला.
"आधी सुतळीवर हात मांड."
"आई, घरात टेप आहे ना?"
"मांड."
पुटपुटत तेरा मोजले. सुतळी दारावरून टाकली. पोचली, वर वीतभर उरली. ह्यांनी ढील धरली होती, की संदीपचा हात मोठा? त्यालाच विचारलं.
"मला काय माहीत? मी कधी लावून बघितला बाबांच्या हाताला?"
चहा न घेताच सुतळी घेऊन दुकानात गेला. ती वीत ठेवायची का कापायची, त्याने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.