टाकी नाकाने थांबवायची

२ सप्टेंबर

काढणी सुरू. मोस्कातो द्राक्षांच्या घडात तोंड खुपसून उभा राहिलो. गोडी कळते. वास नाही! सात महिने झाले, नाकाला सुट्टीच आहे. पलीकडच्या ओळीतून क्लेलिया ओरडली, "फिनू, कसा आहे वास?"

"झकास!" म्हटलं. मोठ्या बहिणीशी खोटं बोलायला आवाज मोठा लागतो.

फेब्रुवारीत दोघांनाही एकदमच ताप आला होता. तिचा आधी उतरला. माझाही उतरला, पण जाताना माझं नाक घेऊन गेला.

५ सप्टेंबर

कुणाला सांगणार? वडील गेले तेव्हा क्लेलियाशीच ठरलं होतं — ज्या वर्षी माझं नाक जाईल, त्या वर्षी सान मार्तीनोच्या सणाला वाईनचं तळघर बंद करायचं आणि द्राक्षं खालच्या मोठ्या कारखान्याला द्यायची. नोव्हेंबरात त्या दिवशी आमच्याकडे सगळेच करार बदलतात. तेव्हा हसत बोललो होतो. पण क्लेलिया काही विसरणारी बाई नव्हे. आणि कारखान्याचा माणूस दर सान मार्तीनोला न चुकता येतो, कॉफी पितो, "यंदा काय विचार?" म्हणून विचारतो.

साखर मोजायचं यंत्र आहे आमच्याकडे. पण वडील म्हणायचे, "यंत्र सरकारसाठी. टाकी नाकाने थांबवायची." टाकीत रस आंबत असतो, साखर उतरत असते, फेस चढत असतो. आणि एका दिवशी वास असा काही फुलून येतो की बस्स! तेव्हा मी "आता!" म्हणतो, क्लेलिया गारव्याचं बटण दाबते, आंबणं तिथल्या तिथे थांबतं. घाई केली तर सरबत. उशीर केला तर गोडी गेली, मग ती वाईन ना धड जेवणाची ना केकची.

तिने बटण दाबायचं, मी "आता" म्हणायचं. आयुष्यभर हेच केलं आम्ही. लग्नंबिग्नं राहूनच गेली.

१२ सप्टेंबर

आज भलतंच. मी स्वयंपाकघरात बसून बूट साफ करत होतो, क्लेलिया तिथेच कणीक मळत होती. शेजारची ओर्सोला धाडकन आत आली — "अरे, घर पेटलंय का तुमचं? रस्त्यापर्यंत वास येतोय!" भट्टीत हेझलनट भाजायला ठेवले होते. कोळसा झाला होता.

मला कळणं शक्यच नव्हतं. पण क्लेलियाला? भट्टी तिच्या कोपरापाशी! "रेडिओ ऐकत होते," म्हणाली. रेडिओ बंद होता. वय झालं तिचं. मी बूट घासत राहिलो. कुणाचा अपमान कशाला करा.

१५ सप्टेंबर

चौकातल्या बारमध्ये पुन्हा तेच. "फिनूचं मोस्कातो म्हणजे पोराबाळांचं पेय! मर्दाने लाल, कडक बार्बेरा प्यावी." हेच मर्द रविवारी जेवण संपता संपता माझ्याच बाटलीकडे ग्लास सरकवतात. बार्बेरा पोटात गेली की माणूस राजकारणावर बोलतो. मोस्कातो गेलं की केकचा दुसरा तुकडा मागतो. त्यातल्या कुणाशेजारी बसायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

आई सकाळी दहाला सलामी सॉसेजच्या चकत्यांबरोबर एक ग्लास घ्यायची आणि मग शिवायला बसायची. एक टाका वाकडा पडायचा नाही. डोक्यात न जाता नुसतं मन हलकं करणारं दुसरं काय आहे जगात?

दुपारी गेल्या वर्षीची बाटली एकट्याने उघडली. गार. गोड. फेस जिभेवर. पण पीच नाही, संत्र्याचं फूल नाही, आईच्या परसातला तो सेजचा पाला नाही. ओळखीचा माणूस समोर येऊन बसावा आणि त्याला चेहराच नसावा, तसं. रडू आलं. आलं तर आलं.

२० सप्टेंबर

टाकी आंबायला लागली. मी एक युक्ती काढली आहे. ग्लास मी भरतो, पण सवयीने आधी वास घेते ती क्लेलिया. वास जमला की तिची डावी भुवई वर जाते — लहानपणापासून. मी नाक ग्लासात घालून भुवईकडे बघणार.

लाज वाटते. पण तळघर बंद होण्याची भीती जास्त वाटते.

२७ सप्टेंबर

भुवई जागेवर.

"काय म्हणतोस?" तिने विचारलं.

"तुला काय वाटतं?"

"मला काय विचारतोस? नाक तुझं!"

ती माझ्याकडे फार निरखून बघत होती. संशय आला की काय!

३० सप्टेंबर

उडाली! थोडीशीच, पण उडाली. मी "आता!" म्हणेपर्यंत तिने बटण दाबलंसुद्धा. दोघंही घामाघूम. तळघर बर्फासारखं गार होतं.

१ ऑक्टोबर

यंत्र म्हणतं, दरवर्षीपेक्षा गोडी कमी. उशीर झाला. यंत्र सरकारसाठी, असं स्वतःला दहादा सांगितलं.

८ नोव्हेंबर

नव्या वाईनच्या पहिल्या बाटल्या. जेवायला ओर्सोला आणि फादर इलारियो. केक झाल्यावर ओतली. ओर्सोलाने वास घेतला. पुन्हा घेतला.

मग म्हणाली, "फिनू, तुझ्या बापाचं मोस्कातो आहे रे हे! तो असंच जरा उशिरा थांबवायचा. इतकी वर्षं तू घाई करत होतास." आणि डोळे पुसायला लागली. फादर म्हणाले, "आणखी थोडं ओत, म्हणजे नक्की सांगता येईल." असं तीनदा म्हणाले.

क्लेलिया उठून आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

१० नोव्हेंबर

उद्या सान मार्तीनो. कारखान्याचा माणूस येणार. कौतुक माझं नाही, भुवईचं आहे. क्लेलियाला सकाळी सांगून टाकणार. तळघर गेलं तर गेलं. तिला फसवून ठेवलेलं तळघर मला नको.

११ नोव्हेंबर

सांगितलं. म्हटलं, "नाक गेलंय. फेब्रुवारीपासून. मी तुझी भुवई बघून 'आता' म्हटलं."

तिने दुधाचं भांडं गॅसवर ठेवलं. माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "अरे गाढवा, माझंही फेब्रुवारीपासूनच गेलंय. तुझं तोंड उघडताना दिसलं, म्हणून भुवई उडाली."

दारावर थाप. कारखान्याचा माणूस. क्लेलियाने एप्रन सोडला. "मी याला वाटेला लावून येते. पुढच्या वर्षी टाकीपाशी ओर्सोलाला उभं करू. तू दुधाकडे बघ. बघ म्हणतेय मी — वास घेत बसू नकोस!"