बटनांमागची अक्षरं

९ जानेवारी, शुक्र.
आजोबांच्या कोटाची सहा पितळी बटनं दादाने पाठवली. चकचकीत करून दे, म्हणे. शाळेच्या नव्या फाटकावर ‘माजी सैनिक’ म्हणून आजोबांचं नाव लागणार, खाली काचेत बटनं. २६ला कार्यक्रम.
चिंच-मीठ लावून घासली. पाठीवर, कडीभोवती, अक्षरं उमटली. देवनागरी, मध्ये कमळ. जुनी बटनं जमवतो मी; डब्यात फौजेची चार आहेत, चारींवर कारखान्याची छाप इंग्रजी. हे कमळ मात्र कुठंतरी पाहिलंय.

११, रवि.
सापडलं. अक्कलकुव्याला वरातीच्या बँडवाल्याकडून जुना कोट घेतला होता, त्याची बटनं. तेच कमळ, ‘न’चा तोच तुटका पाय. एकाच साच्यातली. तरी एक कारखाना दोघांनाही माल देत असेल. घाई नको.

१३, मंगळ.
धानोऱ्याला आत्याकडे. आजोबांची हीच एक लेक उरली. बटन हातात दिलं तर हसली. “मन्हा बाप वरातमा क्लॅरनेट वाजाडे. लढाईमा कोण गयता रे?” मग हळू, “तुन्हा बापले लाज वाटे. त्यानीच कोट पेटीमा घाली दिना.”
एस.टी.त डोकं तापलं. शाळेत मास्तरांनी उभं करून विचारलं, तेव्हा छाती काढून सांगितलं होतं, सैनिकाचा नातू. पोरांनाही तेच सांगितलं. कुणाची लाज वाहत होतो एवढी वर्षं?

१८, रवि.
दादाला सांगितलं. “भाऊ, बटननी मांगे कोण देखस? पाटलास्ना घरना माणूस वरातमा वाजाडे, आसं सांगू का माईकवर?” वहिनी आतून, “रोज हरिपाठ म्हणतस, आनि घरनी आब्रू रस्तावर मांडतस!”
दादाने बटनं माझ्याकडून काढून घेतली. ओरडलो. गल्लीने ऐकलं. ऐकू दे.

२२, गुरु.
फाटकावर मिस्त्री काच बसवत होता. एक बटन उचललं. पाठ कोरी. दुसरं, तिसरं. सहाही. दादाने ग्राइंडर मारून आणलीत.
गेलेल्या माणसाचं तोंड असं दाबतात? तेही नातवाने.
संध्याकाळी देवापुढे बसलो. रोज शांती मागतो. आज म्हटलं, विठ्ठला, एवढे चार दिवस मला शांत करू नकोस.

२६, सोम. सकाळ
पूजेत मन नाही. दहाला कार्यक्रम. पत्रिकेत न विचारता माझं नाव: ‘जुन्या बटनांचे अभ्यासक, दोन शब्द बोलतील.’ माईक हाती आला की हा गप्प बसेल, ही दादाची खात्री. चूक कसं म्हणू? घरात ओरडलो खरा, पण थोरल्यापुढे चारचौघांत कधी बोललोय?
सकाळच्या गाडीने आत्या आली. कुणी बोलावलं नव्हतं. नवं लुगडं नेसून ओट्यावर बसलीय, दर पाच मिनिटांनी हाक मारते.
“कितला वाजता शे रे? माले पुढे बसाड. मी देखसू, तू काय बोलस.”