रानपिंगळ्याची ओ

१४ ऑक्टोबर, जव्हार
स्वीकारला! दोन समीक्षकांनी दोनदा झोडपून काढलेला माझा पेपर अखेर पक्षिशास्त्राच्या नियतकालिकानं स्वीकारला. पोशेऱ्याच्या दरीत रानपिंगळ्यांच्या जोड्या पहाटे एकमेकांना ओ देतात, आणि नाचणी पिकायच्या दिवसांत सगळ्यात जास्त. हे याआधी कुणी लिहिलेलं नाही. मी लिहिलं.
आता प्रबंध सादर करायला मोकळी. कॉलेजात पेढे वाटले. प्राचार्य म्हणाले, "घुबडाचे पेढे?" म्हटलं, दोन घ्या.

१७ ऑक्टो.
प्रूफ आलं. संपादकांना जागेचा चांगला फोटो हवाय. उद्या पोशेरा. मुक्काम तिथल्या जनीबाईकडे. गेल्या हंगामात रेकॉर्डर तिच्याच शेताच्या कडेला सागावर बांधून ठेवला होता. यंत्र आपोआप चालू-बंद होतं, मी आपली जव्हारला.

१९ ऑक्टो., पोशेरा
पहाटे जनीबाईबरोबर मचाणावर. ती नाचणी राखायला, मी फोटोसाठी उजेडाची वाट बघत. रानपिंगळा बोलायला लागला. इतका जवळून! मान वळवली तर आवाज जनीबाईच्या गळ्यातून. पलीकडच्या उतारावरून ओ आली. ती तिची जाऊ, काशी.
"पहाटं शेतात नावानं हाळी मारीत नाय बाई. पिंगळ्यावानी बोलायचं. मंग कळतं, ती बी जागी, मी बी जागी."
"गेल्या साली पण?"
"दर सालीच. राखणीचे दिवस ना."
राखणीचे दिवस. नाचणी पिकायचे दिवस. माझा सगळा निष्कर्ष! मग हसू फुटलं ते आवरेना. जनीबाई घाबरून पाठ चोळत बसली.

२० ऑक्टो.
पुण्याला गाईड सरांना फोन. "थोड्याफार हाका बायकांच्या असतील. छापून येऊ दे. पोशेऱ्याला कोण जातंय तपासायला?"
"मी जाते ना, सर."
फोन ठेवला. राग आला सरांचा. त्याहून जास्त स्वतःचा, कारण क्षणभर मलाही त्यांचं पटलं होतं.
संपादकांना मेल टाकला: छपाई थांबवा. कारण सविस्तर लिहिलं, जावांसकट. पेपर गेला तर प्रबंध वर्षभर लांबणार. लांबू दे. जावांना पक्षी म्हणून छापणार नाही.

२२ ऑक्टो.
संपादकांचं उत्तर. महिनाअखेरपर्यंत थांबतील. पक्ष्यांचाच आवाज असल्याची खात्री द्या, नाहीतर पेपर मागे घ्या. चोख बोलणं. आवडलं.

२४ ऑक्टो.
जनीबाई आणि काशी बाजाराला आल्या होत्या, त्यांना प्रयोगशाळेत आणलं. जुनी रेकॉर्डिंग लावली. "ही मी." "ही काशी." "हा पिंगळा." मग जनीबाई अडकली. "हा... थांबा. का मीच?" काशी म्हणे तू, ती म्हणे पिंगळा. जुंपली दोघींची. मी आवाजांचे आलेख मांडून बघितले, मलाही सांगता येईना. म्हणजे जुनं सगळं बाद.
पण उपाय आहे. काही पहाटा या दोघींनी गप्प राहायचं आणि रेकॉर्डरजवळ मी स्वतः बसायचं.
"मंग आमी जाग्या हाव ते कसं कळायचं?"
दोघींना विजेऱ्या घेऊन दिल्या. काशीनं तिथंच माझ्या डोळ्यांवर मारून बघितली.

२८ ऑक्टो., पोशेरा
मचाणावरच लिहितेय.
काल पहाटे दोन्हीकडे विजेऱ्या लुकलुकल्या, पिंगळे मात्र चिडीचूप. जनीबाईलाच माझी कीव आली. मला नाही. पिंगळे आहेत, बोलतील.
आज सागावरून हाक आली. जनीबाईनं लगेच तोंडावर हात ठेवला, म्हणजे ही खरी. रेकॉर्डर चालू.
पलीकडून ओ आली! स्पष्ट, गोल, अगदी पेपरात लिहिली आहे तशी.
जनीबाईचा दंड धरला. "काशी?"
"तिनं गप ऱ्हायची आण घेतली हाय."
"मग पिंगळाच!"
जनीबाईनं पलीकडच्या उताराकडे बघितलं. "आण घेतली हाय," पुन्हा म्हणाली. "पर पिंगळा बोलला का तिला राहवत नाय."
उजाडलंय. पलीकडे काशी मचाणावरून उतरताना दिसतेय. दरी उतरून तिला विचारायला निघाले. ती जे सांगेल ते संपादकांना कळवणार.