सुंदराचा चपलाहार आणि पूर्वीचं जपानी

कोपरखैरणे गाव, रविवार

माझी धाकटी बहीण सुंदराबाई हिला धोंडूताईचा पोटभर आशीर्वाद.

काल घरात पहिली आली ती चष्मेवाली बाई, आणि तिच्यामागून फाईल छातीशी धरलेला एक लाजरा गृहस्थ. मला वाटलं, नवऱ्यामुलाची आई आणि मामा. (तुझी कंबर कशी आहे? टोपली सुनेला उचलू दे. आम्ही बरी आहोत. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून पत्र लिहिते.) आता ही चूक माझी नाही, देवजीची आहे. आपला देवजी, स्थळं जुळवणारा, त्यानेच सांगितलेलं की शनिवारी तळोज्याची माणसं माझ्या नातीला, आपल्या पूर्वीला, बघायला येतील. शनिवार होता, माणसं होती, जिना चढून धापा टाकत होती. आणखी काय विचारायचं?

मी तर सकाळपासून सोनं घालून बसलेली. आपल्यात मुलगी बघायला आलेली माणसं आधी आजीचा गळा बघतात, हे तुला सांगायला नको. माझ्या दोन पाटल्या, शेजारच्या यशोदाबाईच्या चार, आणि गळ्यात चपलाहार. मुलगा-सून कामाला, नात क्लासला, म्हणजे बोलायला मी एकटी आणि मला अडवायला कोणी नाही. बाईंनी विचारलं, घरात कमावतं कोण? मी म्हटलं, मुलगा कंपनीत मोठा साहेब (मशीनवर आहे, पण मशीन मोठं आहे), मोरा बंदरातल्या बहिणीकडे दोन होड्या (एक, मला माहीत आहे). गृहस्थ भराभर लिहीत होते. मला वाटलं, मानपानाची यादी. मग बाई म्हणाल्या, मुलीला शिकायची आवड आहे का? मी म्हटलं, छे हो, नुसता टाईमपास, लग्न ठरलं की दुसऱ्या दिवशी सोडेल! बाईंचा चेहरा पडला. मला वाटलं, चहात साखर कमी झाली.

तेवढ्यात पूर्वी आली आणि दारातच पांढरी पडली. ती स्थळाची माणसं नव्हतीच. ती एका संस्थेची, पूर्वीला विद्यापीठात जपानी भाषेची पदवी करायची आहे तिची तीन वर्षांची फी भरणारी! पोरीने मला सांगितलेलं, पण तेव्हा मी कोलंबी सोलत होते. प्रवेशाला बारावी कुठल्याही शाखेची चालते, जपानीचं एक अक्षर येत नसलं तरी चालतं, लेखी परीक्षा आणि मुलाखत मात्र पास व्हावी लागते, ते तिने एकटीने केलंय. फीसाठी राहिलं होतं एवढंच, की घरची कमाई बेताची हवी आणि मुलगी मध्येच शिक्षण सोडणार नाही याची खात्री हवी. म्हणजे बाय, दोन्हीकडून मीच बुडवली होती.

पूर्वी माझ्या हातातल्या पाटल्यांकडे बघत राहिली. मी पाटल्या एकेक करून टेबलावर काढल्या. म्हटलं, या शेजारच्या यशोदाबाईच्या. हा हार बहिणीचा. मग म्हटलं, "बाई, मी खोटं बोलले. मी चौथीतून सुटले ती मासळीच्या टोपलीसाठी, मला कोनी विचारलं पन नाय. ही सुटनार नाय. हिला सोड म्हनायला जो येल, त्याला मी याच जिन्यावरून खाली धाडीन." चारुलता मॅडम (नाव मग कळलं) हसल्या. "आजी, हे लिहून द्याल?" दिलं. चार ओळी, स्वतःच्या हाताने.

मग त्यांनी विचारलं, जपानीच का? पूर्वी म्हणाली, बाबांच्या कंपनीत जपानी इंजिनियर आले होते, त्यांचं बोलणं समजावून सांगायला एक मुलगी होती. ती तोंड उघडायची तेव्हा सगळे साहेब गप्प बसायचे. (मी विचारलं, ते लोक मासळी कच्ची का खातात? गृहस्थ तेव्हा पहिल्यांदा बोलले, "चांगली लागते." मी म्हटलं, तुम्ही आमचं कालवण खाल्लेलं दिसत नाही.)

मॅडम म्हणाल्या, अजून काही गेलेलं नाही. पगाराचा कागद दाखवा आणि हाराच्या मालकिणीला समोर आणा. पोरगी रात्री जेवली, दोन वेळा भात घेतला. देवजीची माणसं पनवेलला दुसरी मुलगी बघायला गेली. बरं झालं. उद्या देवजी मोऱ्याला येतोय, हे पत्र त्याच्याच हाती देते, तेवढीच त्याला शिक्षा.

तुझी धोंडूताई

ता. क. : हार कपाटात कुलपात आहे, एकदाही घातला नाही, असं मी गणपतीपासून तुला सांगत होते ते विसर. मॅडमसमोर "हार माझा" म्हण आणि घेऊन जा. (पूर्वी म्हणते, आता द्यावाच लागेल.)

ता. क. दुसरं : होडी एकच आहे हेही तूच सांग. माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

ता. क. तिसरं : येताना चांगलं जिताडं आण. पूर्वी म्हणते, संस्थेच्या माणसांना मासळी देणं म्हणजे लाच. मी कुठे देतेय? मी फक्त शिजवणार. ती माणसं बुधवारी येतो म्हणालीत, बरोबर साडेबारा वाजता.