साडूच्या फडातली तोड आणि माझी घंटी

रा. रा. नानासो यांस, धाकट्या साडूचा साष्टांग नसला तरी मनापासून नमस्कार.

आपला गुडघा आता जिना मानू लागला असेल आणि आक्कांचा खोकला उतरला असेल, असे धरून चालतो. इकडे सर्व क्षेम आहे. मी तेवढा कार्यकारी अधिकारी झालो आहे.

संस्कृत घेऊन साखर कारखान्यात काय करणार, असे आपण माझ्या लग्नात विचारले होते. सत्तावीस वर्षे परिपत्रके लिहिली आणि एक तारखेस काचेच्या केबिनमध्ये बसलो. दारावर पाटी आहे, टेबलावर घंटी आहे. ती वाजवली की शिपाई नाथाजी येतो (न वाजवताही येतो, स्वतःच्या वेळेने) आणि सांगतो, ‘‘साहेब, च्या अकराला असतोय.’’ पंधरा दिवसांत माझ्या अधिकाराची चतुःसीमा खरेदीखतात घालण्याइतकी स्पष्ट झाली: पूर्वेस पंखा, त्याचे बटण नाथाजीच्या मर्जीवर; पश्चिमेस गाडी, ती चेअरमनांच्या घरी; दक्षिणेस शेती विभाग, जो ‘बघतो साहेब’ म्हणतो; उत्तरेस भिंत. भिंत मात्र निर्वेध माझी.

हेही सोसले असते. पण मंगळवारी आपल्या उसाच्या फडात तोड लागली. आपली लागणीची नोंद ऑगस्टची, माझी जुलैची; म्हणजे पाळी आधी माझी. (तारखा मी पाहिल्या. तेवढा अधिकार आहे.) माझ्या दोन एकरांत तुरे डोलताहेत, वजन रोज घटते आहे, आणि बातमी आणली आमच्या अंजनाने. ‘‘आक्काचा ऊस गाड्यात बी भरला. तुमी साहेब हाय न्हवं?’’ मग तिने पान वाढले. आमटी तेवढी अळणी होती.

दुसऱ्या दिवशी मी आदेश काढला: ‘क्रमप्राप्त क्षेत्राची तोड अविलंब करण्यात यावी.’ ‘अविलंब’खाली दोन रेघा. शेती विभागाने ‘पाहिले’ असे लिहून तो मलाच परत केला. मग नाथाजीच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तोडणी टोळीच्या मुकादमाकडे गेलो. टोळी माण तालुक्यातली, आणि खोपी कुठे, तर आपल्या विहिरीपाशी. मुकादमाने आदेश दोनदा वाचला, घडी घालून टोपीत ठेवला.

‘‘कागुद ब्येस हाय साहेब. पर नानांनी पानी दिलंय, बैलास्नी सावली दिलीया. त्यांचं उरकू द्या की. मग त्यांच्या शेजारचं दोन फड.’’

‘‘आणि माझा?’’

‘‘तुमचा लय लांब पडतोय. बघू.’’

त्याची बायको आक्कांनी केलेला चहा पीत होती. साखर आमच्याच कारखान्याची.

षड्रिपूंत मत्सर शेवटचा सांगितला आहे. माझ्याकडे तो रांग मोडून पहिला आला. आपल्या दारावर पाटी नाही, घंटी नाही. विहिरीच्या काठावर बसून आपण ‘‘चला रं गड्यांनो’’ म्हणता आणि बावीस कोयते उठतात. मी घंटी बडवतो तर नाथाजी घड्याळ दाखवतो. असो. आपल्या भाग्याचा मला आनंदच आहे, हे वाक्य अंजनाच्या आग्रहावरून लिहिले.

आपला,
आकाराम

ता. क. मुकादम आपल्या शब्दाबाहेर नाही. शेजारच्या दोन फडांआधी माझे दोन एकर बसतील का, एवढे विचारून पाहावे. माझ्या बोअरला पाणी आहे, आंब्याची सावलीही आहे. हे आधी सुचायला हवे होते.

ता. क. दुसरा. ऊस मेहुणीचा आहे असे सांगा. साहेबाचा म्हणालात तर तो सर्वांत शेवटी तोडेल. माझा अधिकार चालतो, तो एवढ्या एकाच ठिकाणी.